लाल चिठ्ठी : डब्याच्या नियमांचं एक प्रकरण

परिपत्रक एका पानाचं होतं. शेंगदाणे आणि सुकामेवा बंद. गोड बंद. तळलेलं बंद. पाकीटबंद खाऊ बंद. पाण्याखेरीज कुठलंही पेय बंद. एकमेकांच्या डब्यातलं खायचं नाही. वाढदिवसाला खाऊ वाटायचा नाही. डबा पूर्ण संपवायचा. वर्गशिक्षिका रोज डबे पाहतील. नियमाबाहेरचा पदार्थ दप्तरात परत ठेवला जाईल आणि मुलासोबत घरी लाल चिठ्ठी जाईल. तीन लाल चिठ्ठ्या झाल्या की पालकांनी येऊन मुख्याध्यापिकांना भेटायचं. खाली पालकांच्या सहीसाठी रेघ होती.

असे अकरा नियम सोमवारी घरोघरी गेले आणि मंगळवारपासून लागू झाले.

हे प्रकरण शिक्षक आणि पालक समितीच्या चर्चेसाठी बेतलेलं आहे. शाळा आणि माणसं कल्पित आहेत, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. अभ्यासांचे जे दाखले पुढे येतात ते मात्र खरे आहेत.

शाळा प्राथमिक, पहिली ते चौथी. एका वर्गात चाळीसच्या आसपास मुलं. शाळेचं स्वयंपाकघर नाही, सगळे घरून डबा आणतात. मधली सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातच खाणं, हात धुणं आणि खेळणं.

परिपत्रक का निघालं

त्याआधीच्या आठवड्यात तिसरीतल्या एका मुलाला शाळेत अ‍ॅलर्जीचा झटका आला. त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे प्रवेशाच्या वेळीच लेखी दिलेलं होतं. वर्गात एकीचा वाढदिवस होता, केक वाटला गेला आणि केकच्या थरात शेंगदाण्याचं सारण होतं. दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या, मग उलटी झाली. बाईंनी त्याला पाणी दिलं आणि एका मोठ्या मुलाबरोबर खाली कार्यालयात पाठवलं. कार्यालयात त्याची फाइल शोधायला लागले. फाइल कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली लिपिकांकडे आणि लिपिक बँकेत गेलेले. वडिलांना फोन लागला. ते जवळच नोकरीला होते, आले, स्वतःजवळचं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन त्याच्या मांडीत दिलं आणि तसेच दवाखान्यात घेऊन गेले. मुलगा बरा झाला.

या घटनेत काय काय चुकलं ते क्रमाने पाहिलं तर केक पहिला येतो, पण सगळ्यात मोठी चूक केकची नाही. अंगावर गांधी आणि उलटी एकाच वेळी, तेही अ‍ॅलर्जी असलेला पदार्थ खाल्ल्यावर, ही अ‍ॅनाफिलॅक्सिसची, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या तीव्र झटक्याची लक्षणं आहेत. अशा वेळी पहिला उपाय ॲड्रेनालिन. अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या गोळीने हा झटका थांबत नाही. मुलाला आडवं ठेवायचं, चालवत न्यायचं नाही, कारण अचानक उभं राहिल्याने किंवा चालल्याने रक्तदाब कोसळू शकतो. इथे तो दोन जिने उतरून गेला. बाईंना यातलं काहीच कोणी सांगितलेलं नव्हतं. इंजेक्शन शाळेत नव्हतं. माहिती होती, पण कुलपात.

आता परिपत्रकाकडे परत या. त्यातल्या अकरा नियमांपैकी एकही कपाटाबद्दल नाही. इंजेक्शनबद्दल नाही, बाईंच्या प्रशिक्षणाबद्दल नाही. शाळेचं जे चुकलं ते तसंच राहिलं आणि नियम मात्र आले मुलांच्या डब्यांवर. हे मुद्दाम कोणी केलं नव्हतं. मुख्याध्यापिका घाबरलेल्या होत्या, संस्थेच्या कार्यकारिणीला 'काहीतरी केलं' हे दाखवायचं होतं, आणि कागदावर नियम लिहिणं हे सगळ्यात लवकर होणारं काम असतं. शिवाय हात घातलाच आहे तर गोडाचं, तळलेल्याचं, पाकिटांचं, वाढदिवसांचंही एकदाच मिटवून टाकू, असा विचार झाला. कुणीतरी जुन्या तक्रारींची वही काढली असणार.

दुसरीतली मुलगी

परिपत्रकाचा फटका ज्या मुलीला बसला तिचा त्या केकशी काहीही संबंध नव्हता.

ती सात वर्षांची. मोजकेच पदार्थ खाते : मोकळा पांढरा भात, उकडलेला बटाटा, केळं आणि एका ठरावीक प्रकारचं बिस्किट. नवा पदार्थ समोर आला की तिला उमासे येतात. हे लाड नव्हेत आणि हट्टही नव्हे. काही मुलांना चव, वास, तोंडातला स्पर्श इतका तीव्र जाणवतो की नवं खाणं हा खरोखरच त्रास असतो. तिची आई डॉक्टरांच्या सल्ल्याने वर्षभर हळूहळू पदार्थ वाढवत होती. बटाटा ही त्या वर्षाची कमाई. बिस्किट डब्यात असलं की ती आधी ते खायची, मग थोडी सैलावून बाकीचं. आईने डब्याचा क्रमच तसा बसवला होता.

मंगळवारी बिस्किट दप्तरात परत गेलं, कारण ते गोडही होतं आणि पाकीटबंदही. एका वस्तूने दोन नियम मोडले. भात तसाच राहिला. आठवा नियम 'डबा संपवा' असा असल्यामुळे बाई शेजारी उभ्या राहिल्या. मुलीने दोन घास घेतले आणि तोंडात धरून ठेवले. सुट्टी संपली.

बुधवारी डब्यात बिस्किट नव्हतं, कारण आईने परिपत्रक पाळलं होतं. मुलीने डबा उघडलाच नाही, आणि न संपवल्याची चिठ्ठी मिळाली. गुरुवारी तेच. त्या आठवड्यात ती घरी येऊन भुकेने रडायची, पण कारण सांगायची नाही. तिन्ही चिठ्ठ्या तिने घरी दिल्याच नाहीत. पुढच्या आठवड्यात आईला त्या कंपासपेटीत, पट्टीखाली, नीट घडी घातलेल्या सापडल्या.

आई शाळेत आली तेव्हा चिडलेली नव्हती, असं वर्गशिक्षिका नंतर म्हणाल्या. तिने चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या आणि एवढंच विचारलं, "मॅडम, डबा मी भरते. मग चिठ्ठी तिच्या हातात का?"

मुख्याध्यापिकांनी नियम सगळ्यांना सारखा असतो असं सांगितलं. एका मुलाला सूट दिली की चाळीस पालक रांगेत उभे राहतात. यात तथ्य नाही असं नाही. शाळा चालवणाऱ्या कुणालाही ही रांग माहीत असते. पण आईच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. सात वर्षांचं मूल बाजारात जात नाही, काय आणायचं ते ठरवत नाही, सकाळी किती वाजता उठून काय शिजवायचं हे त्याच्या हातात नसतं. नियम मोडला असेल तर तो मोठ्यांनी. आणि शिक्षा काय? मुलाच्या तोंडासमोरून खाऊ काढून घेणं, चाळीस जणांच्या देखत, भुकेच्या वेळी. तिच्या शेजारी बसणारी मुलगी त्या आठवड्यात घरी जाऊन म्हणाली होती, "तिची आई वाईट डबा देते."

आणखी दोन गोष्टी, ज्या कुणी तक्रार म्हणून आणल्या नाहीत

चौथीत टाइप १ मधुमेहाचा एक मुलगा आहे. रक्तातली साखर उतरली की त्याला लगेच पचणारं काहीतरी गोड खावं लागतं, साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं, आणि पंधरा मिनिटांनी परत तपासणी. त्यासाठी त्याच्या दप्तरात ग्लुकोजच्या गोळ्या असतात. त्याच्या वर्गशिक्षिका रजेवर होत्या, बदली शिक्षिकेने डबे तपासताना त्या गोळ्या 'गोड' म्हणून टेबलाच्या खणात ठेवल्या. मुलगा समजूतदार, त्याने स्पष्ट सांगितलं आणि गोळ्या परत घेतल्या. काही झालं नाही. हाच मुलगा पहिलीतला आणि बुजरा असता तर?

दुसरी गोष्ट वेळेची. चाळीस डबे पाहायचे, काही काढून ठेवायचे, चिठ्ठ्या लिहायच्या, यात सुट्टीची पहिली दहा-बारा मिनिटं जाऊ लागली. उरलेल्या वेळात मुलं दोन-चार घास कोंबून मैदानाकडे पळायची. गंमत अशी की यामुळे फळं आणि भाज्याच जास्त उरू लागल्या, कारण त्या चावायला वेळ लागतो. इलिनॉय विद्यापीठाच्या २०२१ मधल्या एका अभ्यासात मुलांना बसून जेवायला दहा मिनिटं आणि वीस मिनिटं देऊन तुलना केली होती. दहा मिनिटांत सगळ्यात जास्त कमी झालं ते फळं-भाज्या खाणं. अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य संस्था सीडीसी बसल्यापासून किमान वीस मिनिटं मुलांना मिळावीत असं सांगते. म्हणजे पौष्टिक खावं म्हणून केलेली तपासणी पौष्टिक खाण्याचाच वेळ खात होती.

पालक सभा

सभा लांबली. सगळं इथे देत नाही, पण तीन जणांचं बोलणं पुढच्या निर्णयात कामाला आलं.

पहिले अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचे वडील. सगळ्यांना वाटलं होतं ते बंदीच्या बाजूने उभे राहतील. ते म्हणाले, "माझ्या मुलासाठी दीडशे डबे तपासू नका हो. त्याला शेंगदाण्याची आहे, उद्या दुसऱ्या कुणाला दुधाची निघेल, अंड्याची निघेल. काय काय बंद करणार? मला एवढंच सांगा, इंजेक्शन कुठे ठेवणार आणि ते कोण देणार." सभेत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

दुसऱ्या एक आई, ज्यांना गोडावरची बंदी मनापासून हवी होती. त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वर्गात चाळीस मुलं, म्हणजे सुट्ट्या वगळल्या तरी जवळपास दर आठवड्याला एक वाढदिवस. पूर्वी एक चॉकलेट असायचं. मग केक आला, मग केकबरोबर चिप्सचं पाकीट, मग पिशवीत भेटवस्तू. "मी घरी कितीही जपलं तरी उपयोग काय? आणि माझ्या मुलीच्या वाढदिवसाला मी काय द्यायचं? परवडत नाही म्हणायला लाज वाटते." शेवटचं वाक्य त्या अगदी हळू बोलल्या.

तिसऱ्या पहिलीच्या वर्गशिक्षिका. "बिस्किट गोड की बिनगोड, हे मी चाखून ठरवू का? घरी तळलेलं चालत नाही, मग घरी भाजलेलं पण वरून लोणी थापलेलं चालतं का? रोज वीस पालकांशी वाद घालायचा आणि मग गणित शिकवायचं."

एका पानात तीन प्रश्न

परिपत्रकाची खरी अडचण कडकपणा ही नाही. त्यात तीन वेगळे प्रश्न एकाच सुरात लिहिले गेले. एक जिवाच्या धोक्याचा : अ‍ॅलर्जी. दुसरा आरोग्याचा : साखर, तेल, दात, वजन. तिसरा बरोबरीचा : वाढदिवस, भेटी, कुणाला काय परवडतं. धोक्याच्या बाबतीत सक्ती योग्य असते. आरोग्याच्या बाबतीत शाळेचा अधिकार कमी, कारण डबा घरचा आहे आणि एका बिस्किटाने कुणाचं आरोग्य बिघडत नाही. बरोबरीच्या बाबतीत नियम सोपा आणि सरसकट असावा, नाहीतर तो कमी असलेल्यालाच बोचतो. तिन्हींना लाल चिठ्ठीच लावली की बिस्किट आणि शेंगदाणा एका पातळीवर येतात, आणि मग शेंगदाण्याचं गांभीर्यही उतरतं. तिसऱ्या आठवड्यात मुलं लाल चिठ्ठ्यांची अदलाबदल करत होती.

धोक्याचा प्रश्न आधी घेऊ. शाळेत शेंगदाण्यावर सरसकट बंदी घातली की अ‍ॅलर्जीची मुलं सुरक्षित होतात, हे ऐकायला पटतं. मॅसॅच्युसेट्समधल्या शाळांचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळं सांगतो : घरून शेंगदाणे आणायला बंदी असलेल्या शाळांत ॲड्रेनालिन द्यावं लागण्याचं प्रमाण इतर शाळांपेक्षा कमी नव्हतं. जिथे शेंगदाणामुक्त वेगळी टेबलं होती तिथे मात्र ते कमी आढळलं. २०२१ मध्ये अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने शाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, प्रत्येक अ‍ॅलर्जीच्या मुलासाठी लेखी आपत्कालीन योजना आणि शाळेत स्वतःचा ॲड्रेनालिनचा साठा, यांची शिफारस आहे. पूर्ण शाळेत एखादा पदार्थ बंद करण्याची शिफारस नाही. उलट पुरावा तोकडा आहे हे मान्य करून तसं करू नये असंच सुचवलं आहे. बंदी असली की 'इथे शेंगदाणा नाहीच' असं सगळे धरून चालतात आणि लक्ष ढिलं पडतं, हा धोकाही त्यांना दिसतो.

वासाची भीती हा आणखी एक विषय. २००३ मधल्या एका छोट्या अभ्यासात शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्या ३० मुलांना शेंगदाण्याच्या लोण्याचा वास दिला आणि ते त्वचेलाही लावलं. एकालाही सर्वांगाला होणारा झटका आला नाही. धोका मुख्यतः पोटात जाण्याचा असतो, म्हणजे खाऊ वाटून घेण्याचा आणि बरबटलेल्या बोटांचा. त्यासाठी हात धुवावेत, तेही साबणाने : जॉन्स हॉपकिन्सच्या २००४ मधल्या अभ्यासात साबणाने आणि ओल्या पुसणीने हातावरचे शेंगदाण्याचे अंश गेले, नुसत्या पाण्याने किंवा सॅनिटायझरने नीट गेले नाहीत. आपल्या या शाळेत सॅनिटायझरच्या बाटल्या प्रत्येक वर्गात होत्या, साबण मात्र फक्त शिक्षकांच्या नळाजवळ.

साखर

इथे मी थोडा रेंगाळतो, कारण सभेत सगळ्यात जास्त आवाज यावरच चढले.

साखर कमी असावी यात वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की दिवसभरातल्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी ऊर्जा मोकळ्या साखरेतून यावी, ५ टक्क्यांहून कमी असेल तर आणखी बरं. मोकळी म्हणजे वरून घातलेली, तशीच मधातली आणि फळांच्या रसातली. अख्ख्या फळातली आणि दुधातली यात धरत नाहीत. दिवसाला १५०० कॅलरी लागणारं मूल धरलं तर १० टक्के म्हणजे १५० कॅलरी, साधारण ३७ ग्रॅम, नऊएक चमचे. वाढदिवसाचा केक, चॉकलेट आणि गोड पेय मिळून हा आकडा एका बैठकीत ओलांडतं. त्या आईचं म्हणणं हिशेबाने बरोबर होतं. पण याच हिशेबात दुसरीतल्या त्या मुलीची दोन बिस्किटं अगदी किरकोळ ठरतात.

'गोड खाल्लं की वर्ग डोक्यावर घेतात' हे मात्र टिकत नाही. १९९५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात तोवरच्या नियंत्रित प्रयोगांचं एकत्र विश्लेषण आलं. साखरेचा मुलांच्या वागण्यावर किंवा आकलनावर परिणाम दिसला नाही. त्याआधी १९९४ मध्ये एक गमतीदार प्रयोग झाला होता. मुलांना दिलं बिनसाखरेचं पेय, पण काही आयांना सांगितलं की साखर दिली आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चळवळी वाटली. वाढदिवशी वर्ग डोक्यावर घेतला जातो तो वाढदिवस असतो म्हणून.

दातांच्या बाबतीत किती खाल्लं याबरोबर किती वेळा आणि किती चिकट खाल्लं हेही महत्त्वाचं. जेवणाबरोबरचा गोड तुकडा आणि दिवसभर तोंडात घोळवलेली टॉफी यांत दातांना टॉफी जास्त महाग पडते. परिपत्रकात हा फरक नव्हता.

आणि बंदीचा स्वतःचा एक परिणाम असतो. लीन बर्च आणि जेनिफर फिशर यांनी १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनियात लहान मुलांसमोर एक खाऊ पारदर्शक बरणीत ठेवला आणि तो खायला ठरावीक थोडा वेळच दिला. मुलं त्याच खाऊबद्दल जास्त बोलू लागली, तोच मागू लागली आणि मुभा मिळाली की तो जास्त खाऊ लागली. ज्याचा दप्तरातला खाऊ रोज बाई हाताने काढून ठेवतात, त्या मुलाच्या डोक्यात दिवसभर काय असेल?

'डबा संपवा' हा नियम मला या पानातला सगळ्यात वाईट वाटतो, जरी तो सगळ्यात साळसूद दिसतो. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी जबाबदाऱ्यांची वाटणी सुचवली आहे, ती इथे उपयोगी पडते : काय, कधी आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं आणि खायचं की नाही ते मुलाने. शाळेने नेमकं उलटं केलं होतं.

घरचे डबे सुधारायला वाव नाही असं मात्र नाही. इंग्लंडमधल्या प्राथमिक शाळांत लीड्स विद्यापीठाने दोनदा पाहणी केली. शाळेच्या जेवणाला लागू असलेले सगळे आहारनिकष पुरे करणारे घरचे डबे २००६ मध्ये १.१ टक्के होते आणि २०१६ मध्ये १.६ टक्के. मधल्या दहा वर्षांत पत्रकं, मोहिमा, नियम बरेच झाले. तरी एवढाच फरक पडत असेल, तर सकाळच्या घाईत डबा भरणाऱ्या माणसाला आणखी एका कागदाने काय मदत होते ते विचारायला हवं.

काय ठरलं

परिपत्रक मागे घेतलं गेलं नाही. मुख्याध्यापिकांना तसं म्हणणं जड गेलं असतं आणि पालकांनीही त्यासाठी अडून बसणं टाळलं. 'सुधारित परिपत्रक' निघालं, अर्ध्या पानाचं.

त्यात सक्तीचे नियम तीनच उरले. एकमेकांच्या डब्यातलं खायचं नाही. खाण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे. वर्गात वाटण्यासाठी कुठलाही खाऊ आणायचा नाही, वाढदिवसालाही नाही. ज्या वर्गात अ‍ॅलर्जीचं मूल आहे तिथल्या पालकांना वेगळं पत्र गेलं, त्यात पदार्थाचं नाव होतं आणि विनंती होती; मुलाचं नाव त्याच्या वडिलांच्या संमतीनेच घातलं. त्या मुलाच्या बाकावर कुणाच्या डब्यात शेंगदाणे असतील तर जागा बदलते ती डब्याच्या मालकाची, अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाची नाही. हा बारकावा वडिलांनी सुचवला. नाहीतर ते मूल रोज एकटं बसतं.

वाढदिवसाच्या नियमावर सभेत नाराजी होती, अजून आहे. मला तो नियम योग्य वाटतो. वाढदिवसाच्या मुलाने त्या दिवशी गोष्ट निवडायची, खेळाच्या तासाचा खेळ ठरवायचा, फळ्यावर त्याचं नाव. चौथीतल्या मुलांना हे बाळबोध वाटतं आणि ते तसं बोलूनही दाखवतात. पण पिशव्यांची चढाओढ थांबली, आणि ज्या आईला बोलताना लाज वाटत होती तिला आता बोलावं लागत नाही.

साखर, तळलेलं, पाकिटं हे सगळं विनंतीच्या भागात गेलं. डबे तपासणं बंद. एखाद्या डब्याबद्दल बाईंना काळजी वाटली तर त्या पालकांना फोन करतील, मुलाकडून निरोप पाठवणार नाहीत. डब्यातलं काहीही काढून घेतलं जाणार नाही. औषध म्हणून जवळ ठेवलेल्या गोष्टी, त्यात ग्लुकोजच्या गोळ्याही आल्या, कुणीही हलवायच्या नाहीत. बदली शिक्षकांच्या सूचनांत ही पहिली ओळ आहे.

मधल्या सुट्टीचा क्रम बदलला : आधी खेळ, मग डबा. यूटातल्या काही प्राथमिक शाळांत असा बदल केल्यावर फळं-भाज्या खाणं ५४ टक्क्यांनी वाढल्याचं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं होतं. मुलांना मैदान चुकण्याची घाई राहत नाही आणि भूकही लागते. इथे मोजणी कुणी केली नाही. शिपाईमामा मात्र म्हणतात की कचऱ्याच्या डब्यात फळं कमी दिसतात, आणि नळाजवळची गर्दी वाढली.

आणि कपाट. अ‍ॅलर्जी, मधुमेह, दमा, आकडी यांची प्रत्येक मुलाची एका पानाची योजना आता संबंधित वर्गात आणि कार्यालयाच्या भिंतीवरच्या बिनकुलपाच्या पेटीत आहे. मुलाचं इंजेक्शन त्याच पेटीत, मुदत संपण्याची तारीख बाहेर मोठ्या अक्षरात. चार शिक्षिका आणि शिपाईमामांनी ते द्यायचं प्रशिक्षण घेतलं. शाळेचा स्वतःचा साठा ठेवायचं ठरलं, पण डॉक्टरची चिठ्ठी कुणाच्या नावाने घ्यायची यावर ते अडकलं आहे. दोन शिक्षिकांनी इंजेक्शन द्यायला नकार दिला : चुकलं तर जबाबदार कोण? त्यांना भित्रं ठरवून चालणार नाही. कार्यकारिणीने त्यांच्या पाठीशी उभं राहण्याचं लेखी द्यावं अशी त्यांची मागणी आहे आणि ती रास्त आहे. ते पत्र अजून आलेलं नाही.

मुलीचं पुढे काय झालं

बिस्किट डब्यात परत आलं. पहिले काही दिवस ती डबा बाकाखाली धरून खायची. बाईंनी तिकडे बघायचं नाही एवढंच ठरवलं आणि ते कसोशीने पाळलं. भात पुन्हा सुरू व्हायला मात्र बराच वेळ गेला. आईच्या मते बटाटा गेला तो गेलाच, त्याची सुरुवात नव्याने करावी लागणार.

पुढच्या वर्षी ती तिसरीत गेली आणि नव्या वर्गशिक्षिकेने पहिल्याच दिवशी प्रेमाने तिला थोडं फळ भरवायचा प्रयत्न केला. त्यांची चूक नव्हती. अ‍ॅलर्जी आणि मधुमेहाच्या नोंदी वर्गाबरोबर पुढे गेल्या होत्या, कारण त्यांना वैद्यकीय दाखला होता. या मुलीबद्दलची नोंद फक्त जुन्या बाईंच्या डोक्यात होती. आई पुन्हा शाळेत आली. आता लिपिकांनी वर्गबदलाच्या नोंदवहीत आणखी एक रकाना आखला आहे, 'खाण्याबद्दल पालकांनी सांगितलेलं', आणि त्यासाठी दाखला लागत नाही.